आर आणि अ‍ॅग्रिकोले : पदव्युत्तर कृषी संशोधनाच्या साधनाचे परीक्षण

पीएचडीच्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे सुमारे बारा वर्षे, मी ‘आर’ ही संख्याशास्त्रीय संगणक प्रणाली आणि तिला जोडून चालणारा ‘अ‍ॅग्रिकोले’ हा कृषी प्रयोगांसाठीचा संच वापरत आलो आहे. सुरुवातीला स्वतःच्या सिंचन व नत्रमात्रेच्या प्रयोगांसाठी वापरला, आणि आता एम.एस्सी. व पीएचडीच्या विद्यार्थ्यांची आखणी आणि तक्ते तपासताना वापरतो. या साधनाविषयी विद्यार्थ्यांत दोन टोकांची मते ऐकू येतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. काहींना ते केवळ प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांचे काम वाटते, तर काहींची समजूत अशी असते की कुठूनतरी आज्ञा उतरवून घेतल्या की निकाल आपोआप बरोबर येतो. दोन्ही समजुतींची किंमत प्रयोगाला मोजावी लागते, आणि शेतातला प्रयोग चुकला तर एक पूर्ण हंगाम हातचा जातो.

या साधनाचा उगम पदव्युत्तर संशोधकाला आपुलकी वाटावी असा आहे. आर प्रणाली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनी उभी केली. १९९३ मध्ये ती प्रथम लोकांपुढे आली, १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली झाली, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. अ‍ॅग्रिकोलेचा जन्म तर थेट एका प्रबंधातून झाला. पेरू देशातील फेलिपे दे मेंदिबुरू यांनी लिमा येथील राष्ट्रीय अभियांत्रिकी विद्यापीठात मास्टर्स पदवीसाठी कृषी संशोधनासाठीचे संख्याशास्त्रीय साधन हाच विषय घेतला होता, आणि संचाची मूळ कल्पना त्या प्रबंधातली आहे. त्यातील उदाहरणांची बरीच आकडेवारी लिमाच्याच आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या प्रयोगांतून आली आहे. एका विद्यार्थ्याचा प्रबंध पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना उपयोगी पडतो, ही गोष्ट मला या संचाच्या कोणत्याही गुणाइतकीच मोलाची वाटते. त्या उगमाची एक खूण आजही निकालात दिसते. विभाजित भूखंड (स्प्लिट प्लॉट) रचनेचे विश्लेषण केले की स्वातंत्र्यकोटीच्या, म्हणजे तुलनेसाठी किती स्वतंत्र माहिती हाती आहे हे सांगणाऱ्या आणि आपण ज्याला बोलताना ‘डीएफ’ म्हणतो त्या आकड्यापुढे ‘जीएल’ अशी अक्षरे येतात. ती स्पॅनिश संज्ञेची आद्याक्षरे आहेत. नवा विद्यार्थी तिथे हमखास अडखळतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

प्रणाली मोफत आहे, साध्या संगणकावर चालते आणि ‘क्रॅन’ या अधिकृत भांडारातून उतरवून घेता येते. काम करण्यासाठी बहुतेक जण सोबत आर-स्टुडिओ हा आज्ञा लिहिण्या-चालवण्याचा मंच वापरतात, मीही तेच वापरतो. स्थापनेबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे पुष्कळ आहे ते प्रयोगाच्या आखणीविषयी. बहुतेक विद्यार्थी हे साधन कापणी झाल्यावर हाती घेतात, आणि माझ्या मते त्याची खरी ताकद पेरणीच्या आधी वापरायची आहे. अ‍ॅग्रिकोलेमध्ये पूर्ण यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखी) रचना, यादृच्छिक गट रचना, लॅटिन चौरस, घटकीय रचना, स्प्लिट प्लॉट, स्ट्रिप प्लॉट, जाळी रचना, संवर्धित गट रचना अशा शेतीत लागणाऱ्या जवळपास सर्व रचनांची आखणी करता येते. वाणांची किंवा खतमात्रांची नावे आणि पुनरावृत्तींची संख्या दिली की प्रत्येक वाफ्याचा क्रमांक, त्याचा गट आणि त्यात कोणती ट्रीटमेंट जाईल याची पूर्ण क्षेत्रवही तयार होऊन मिळते. ही वही छापून शेतात नेता येते, आणि पुढे त्याच तक्त्यात एक रकाना वाढवून उत्पादनाचे आकडे भरता येतात. आखणीपासून विश्लेषणापर्यंत एकच तक्ता राहिल्यामुळे वाफा आणि ट्रीटमेंट यांची अदलाबदल होण्याचा धोका कितीतरी कमी होतो. नव्या वाणांच्या चाचणीत वाण पन्नास-शंभर असतात, तेव्हा इतके वाफे सामावणाऱ्या मोठ्या गटात जमीन एकसारखी मिळत नाही. त्यासाठी पॅटरसन आणि विल्यम्स यांनी १९७६ मध्ये मांडलेली, वाण लहान लहान गटांत विभागणारी आल्फा रचना इथे तयार मिळते. मुख्य अट अशी की वाणांच्या संख्येला लहान गटाच्या आकाराने पूर्ण भाग गेला पाहिजे. सत्तेचाळीस वाण घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला एक तुल्य (तुलनेसाठीचा प्रचलित) वाण वाढवावा लागतो, पण ही तडजोड सुसह्य आहे.

आखणी करताना ‘बीजांक’ म्हणून एक संख्या देता येते. तीच संख्या पुन्हा दिली की तोच यादृच्छिक क्रम पुन्हा मिळतो, त्यामुळे आपण वाफे स्वतःच्या सोयीने मांडले नाहीत याचा तो पुरावा ठरतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० या आवृत्तीत आरमधील यादृच्छिक निवडीची अंतर्गत पद्धत बदलली, त्यामुळे जुन्या आवृत्तीतला बीजांक नव्या आवृत्तीत वेगळा क्रम देऊ शकतो. बीजांकाबरोबर आरची आवृत्ती, संचाची आवृत्ती आणि प्रत्यक्ष क्षेत्रवही या तिन्ही गोष्टी जपून ठेवाव्यात. केवळ बीजांकाच्या भरवशावर क्षेत्रवही टाकून दिलेला एक विद्यार्थी मी पाहिला आहे, आणि त्याचा नकाशा पुन्हा जुळवताना आमचे तीन दिवस गेले.

आता विश्लेषणाकडे येतो. या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तिथे आहे, आणि तो एका जुन्या प्रयोगावरून सांगणे सोपे जाईल. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला ओट पिकाचा स्प्लिट प्लॉट प्रयोग आरसोबत येणाऱ्या संचांमध्येच उपलब्ध आहे. त्यात सहा गट आहेत. प्रत्येक गटात तीन मोठे भूखंड असून त्यांत तीन वाण आहेत, आणि प्रत्येक मोठ्या भूखंडाचे चार उपभाग करून त्यांना नत्राच्या चार मात्रा दिलेल्या आहेत. एकूण ७२ नोंदी होतात. वाण मात्र ७२ जागी स्वतंत्रपणे पेरलेले नाहीत, ते १८ मोठ्या भूखंडांत पेरलेले आहेत. म्हणून वाणांची तुलना मोठ्या भूखंडांमधील फरकाशी करावी लागते आणि नत्राची तुलना उपभागांमधील फरकाशी. तुलनेचा पाया असलेल्या या नैसर्गिक फरकाला संख्याशास्त्रात त्रुटी म्हणतात. इथे त्रुटी दोन, आणि कसोटीचे पायेही दोन.

आरमध्ये ही गोष्ट सूत्राच्या शेवटी त्रुटीची पातळी लिहून सांगावी लागते. ती लिहिली की मोठ्या भूखंडांच्या त्रुटीला १० स्वातंत्र्यकोटी मिळतात, उपभागांच्या त्रुटीला ४५ मिळतात, आणि वाणांसाठी एफ मूल्य, म्हणजे वाणांमधील फरक त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा, १.४९ येते. वाणांत फरक नसतानाही एवढे मूल्य निव्वळ योगायोगाने येण्याची संभाव्यता ०.२७ आहे, म्हणजे या प्रयोगावरून तिन्ही वाणांत सिद्ध करता येण्याजोगा फरक नाही. आता तेवढा एक तुकडा सूत्रातून गाळला, तर दोन्ही त्रुटी एकत्र मिसळतात, त्रुटीला ५५ स्वातंत्र्यकोटी मिळतात, एफ मूल्य ३.५१ होते आणि संभाव्यता ०.०३७ वर येते. तेच शेत, तेच पीक, तेच ७२ आकडे, पण प्रबंधात वाक्य लिहिले जाते की वाणांमधील फरक पाच टक्के पातळीवर लक्षणीय आढळला. नत्राचा परिणाम इतका ठळक आहे की तो दोन्ही पद्धतींत लक्षणीयच राहतो, आणि त्यामुळे विद्यार्थ्याला चूक झाल्याची शंकाही येत नाही.

आर या दोन्ही वेळी सारख्याच शांतपणे उत्तर देते. लाल अक्षरांत सूचना येत नाही, काम थांबत नाही. हा दोष मानायचा का, यावर मी बराच विचार केला आहे. साधनाला शेत दिसत नाही. मोठा भूखंड कुठे संपतो आणि उपभाग कुठे सुरू होतो हे ठाऊक असते ते वाफ्याच्या बांधावर उभे राहून माप घेतलेल्या माणसाला. आर त्याच्याकडून ते लेखी मागते आणि लिहिलेले तसेच जतन करते, ही मला तिची सर्वांत मोठी देणगी वाटते. माझ्या स्वतःच्या एम.एस्सी.च्या वेळी मी आकडे एका मोबदला घेऊन विश्लेषण करून देणाऱ्या केंद्रात दिले होते. तिथून आलेल्या छापील तक्त्यात सिंचनाच्या पाळ्यांचा परिणाम लक्षणीय होता आणि मी तो निष्कर्ष मोठ्या विश्वासाने मांडला. पीएचडीला आल्यावर सरावासाठी तेच आकडे आरमध्ये घातले तेव्हा लक्षात आले की मोठ्या भूखंडांना दिलेल्या सिंचनाची तुलना उपभागांच्या त्रुटीशी केलेली होती. बरोबर पायावर तो फरक टिकला नाही. छापील तक्त्यात केवळ उत्तर होते, ते कसे काढले हे कुठेच लिहिलेले नव्हते, त्यामुळे तपासणारे कोणीही ही चूक पकडू शकले नसते. त्या निष्कर्षावरून कोणी पाण्याच्या पाळ्या वाढवल्या असत्या तर त्याचे पाणी आणि श्रम वाया गेले असते. तेव्हापासून विश्लेषणाच्या आज्ञांची पूर्ण फाईल जोडल्याशिवाय मी कोणत्याही विद्यार्थ्याचा तक्ता तपासायला घेत नाही.

नवशिक्यांसाठी अ‍ॅग्रिकोलेने या बाबतीत चांगली सोय केली आहे. स्प्लिट प्लॉटसाठी त्यात स्वतंत्र आज्ञा आहे. गट, मोठा भूखंड, उपभाग आणि उत्पादन हे चार रकाने क्रमाने दिले की दोन्ही त्रुटींसह तक्ता आणि दोन्ही पातळ्यांचे विचरण गुणांक (सरासरीच्या तुलनेत त्रुटी किती टक्के) मिळतात. पण इथेही सरासरींची तुलना करताना कोणत्या घटकासाठी कोणती त्रुटी घ्यायची हे आपल्यालाच भरावे लागते, आणि पूर्वीची चूक या दाराने पुन्हा आत येऊ शकते.

आकडे भरण्याविषयी थोडे लिहितो, कारण अर्ध्या अडचणी तिथेच तयार होतात. नत्राच्या मात्रा ०, २०, ४०, ६० अशा संख्या म्हणून भरल्या असतील तर आर त्यांना संख्याच समजते, चार वेगळ्या ट्रीटमेंट समजत नाही. अशा वेळी नत्राला तीन स्वातंत्र्यकोटी मिळायला हव्यात तिथे एकच दिसते. तक्ता हाती आल्यावर विद्यार्थ्याने सर्वांत आधी हा रकाना पाहावा, आणि कागदावर स्वतः काढलेल्या स्वातंत्र्यकोटींशी तो जुळल्याशिवाय पुढचा एकही आकडा वाचू नये. गटांचे क्रमांक १, २, ३ असे लिहिले तरी हाच प्रकार घडतो. दुसरी अडचण आरची नसून स्प्रेडशीटची आहे. ट्रीटमेंटला ‘१-२’ किंवा ‘३-४’ असे सांकेतिक नाव दिले की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. जनुकशास्त्रात हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने काही जनुकांची नावेच बदलली. आपल्याला इतके करायची गरज नाही, सांकेतिक नावाची सुरुवात अक्षराने केली की पुरते.

सरासरींच्या तुलनेसाठी अ‍ॅग्रिकोले विशेष लोकप्रिय आहे, आणि माझी सर्वांत मोठी तक्रारही या लोकप्रियतेशी निगडित आहे. एलएसडी, टुकी, डंकन अशा कसोट्या एकेका ओळीत होतात आणि प्रत्येक सरासरीपुढे अ, ब, क अशा धर्तीची अक्षरे लागून येतात; ज्या सरासरींचे अक्षर समान त्यांत लक्षणीय फरक नाही, असा त्यांचा अर्थ. वाणांसाठी ही अक्षरे उपयोगी आहेत. खतमात्रेसाठी मात्र ती दिशाभूल करतात. येट्स यांच्याच प्रयोगात नत्राच्या चार चढत्या मात्रांना सरासरी उत्पादन, मूळ एककात, ७९.४, ९८.९, ११४.२ आणि १२३.४ असे आले आहे. पहिल्या वाढीला साडेएकोणीस एकके मिळाली, दुसरीला सुमारे पंधरा आणि तिसरीला नऊ. मात्रेच्या प्रत्येक टप्प्याला मिळणारा लाभ घटत चालला आहे, आणि शेतकऱ्याला शिफारस करायची तर प्रश्न असा असतो की हा लाभ खताच्या खर्चाला कुठे पुरेनासा होतो. त्याचे उत्तर अक्षरांत नसते, प्रतिसादाच्या वक्रात असते. तो वक्र आरमध्ये दोन ओळींत काढता येतो, तरी प्रबंधामागून प्रबंध अक्षरांवरच थांबलेले दिसतात. संचाच्या माहितीपुस्तिकेत या ठिकाणी एक स्पष्ट इशारा असता तर पुष्कळांचे भले झाले असते.

वाफे गमावले की काय करायचे, हा शेतातला नेहमीचा प्रश्न आहे. जनावरे शिरतात, पाणी तुंबते, उगवणच होत नाही. हरवलेल्या वाफ्याचा अंदाज काढण्याचे सूत्र येट्स यांनी १९३३ मध्ये दिले होते आणि हाताने गणित करण्याच्या काळात ते मोठे वरदान होते. आज तसे करण्याची गरज उरलेली नाही. मात्र आरची नेहमीची प्रसरण विश्लेषणाची (अनोव्हा) आज्ञा वर्गांची बेरीज, म्हणजे एकूण फरकातला प्रत्येक घटकाचा वाटा, क्रमाने काढते, सूत्रात जो घटक आधी लिहिला त्याचा वाटा आधी काढला जातो. सर्व वाफे शाबूत असतील तर क्रमाने काही बिघडत नाही. वाफे गळाले असतील तर घटकांचा क्रम बदलल्यावर उत्तरही बदलते, आणि हे पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी घाबरून जातो. अशा प्रयोगांसाठी मी एलएमई-फोर या संचाकडे वळतो. पॅटरसन आणि थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये असमान गटांच्या प्रयोगांसाठी मांडलेली ‘आरईएमएल’ पद्धत त्यात वापरता येते, आणि अपुरे गट किंवा अनेक ठिकाणी अनेक वर्षे चाललेल्या चाचण्या ती व्यवस्थित हाताळते. एलएमई-फोर मुद्दाम संभाव्यतेचे मूल्य छापत नाही, कारण अशा प्रतिमानांत (मॉडेलांत) त्रुटीच्या स्वातंत्र्यकोटी ठरवणेच वादग्रस्त आहे अशी त्या संचाच्या कर्त्यांची भूमिका आहे. ती मला प्रामाणिक वाटते. परीक्षकाला ते मूल्य हवेच असेल तर त्यासाठी पूरक संच आहेत, आणि समायोजित सरासरींसाठी रसेल लेन्थ यांचा ईएम-मीन्स हा संच उत्तम आहे.

अन्नप्रक्रिया आणि अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे साधन केवळ शेतीचे म्हणून बाजूला ठेवू नये. चव, रंग, पोत यांच्या चाचणीत नऊ गुणांची आवड-नावड मोजपट्टी सर्रास वापरली जाते. त्यात आठ आणि सात यांच्यातले अंतर चार आणि तीन यांच्यातल्या अंतराइतकेच असते असे मानायला आधार नाही, शिवाय एकच परीक्षक सर्व नमुने चाखत असतो, म्हणून परीक्षकाला गट मानणे आवश्यक असते. अ‍ॅग्रिकोलेमध्ये यासाठी फ्रीडमन कसोटी आहे. नमुने इतके असतील की एका माणसाने सर्व चाखणे शक्य नाही, तर डर्बिन कसोटीही आहे. ही दुसरी कसोटी फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, आणि पाचव्या-सहाव्या नमुन्यानंतर परीक्षकाची जीभ थकते हे ज्याने पाहिले आहे त्याला तिचे मोल कळेल. तापमान, वेळ आणि आर्द्रता यांचा योग्य मेळ शोधण्यासाठी बॉक्स आणि विल्सन यांनी १९५१ मध्ये मांडलेली प्रतिसाद-पृष्ठ पद्धत आरएसएम या संचात मिळते. सापडलेला बिंदू खरोखर सर्वोच्च आहे की घोड्याच्या खोगिरासारखा एका दिशेने चढता आणि दुसऱ्या दिशेने उतरता आहे, हे तो संच आकड्यांत सांगतो. काही प्रबंधांत हे आकडे न पाहताच सर्वोत्तम तापमान घोषित केलेले असते, आणि ते तापमान कधी कधी प्रयोगात घेतलेल्या मर्यादेच्या बाहेरचे निघते.

अन्नप्रयोगांतली एक चूक मात्र कोणतेही साधन पकडू शकत नाही. एकाच घाण्यातून तीन नमुने काढून त्यांना तीन पुनरावृत्ती म्हणणे ही ती चूक. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातील प्रयोगांबाबत अशा आभासी पुनरावृत्तीचा प्रश्न ऐरणीवर आणला. प्रयोगशाळेत ही चूक आजही सहज घडते, कारण पुन्हा पहिल्यापासून घाणा लावणे कष्टाचे असते. प्रणालीला तीन आकडे दिसतात आणि ती तीन मानते.

शिकण्याच्या कष्टांविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. पहिले दोन-तीन आठवडे त्रासाचे जातात. चूक झाल्याची सूचना आली की तिचा अर्थ लावता येत नाही. एखादा स्वल्पविराम राहिला, कंस बंद केला नाही किंवा रकान्याच्या नावात मोकळी जागा राहिली, तर जे संदेश येतात त्यांत शेतीचा विद्यार्थी हरवून जातो. क्रॅनवर वीस हजारांहून अधिक संच आहेत आणि एकाच कामासाठी पाच-सहा संच सापडतात. त्यांतला कोणता जपलेला आहे आणि कोणता वाऱ्यावर सोडलेला आहे हे बाहेरून कळत नाही. माझा सल्ला असा की विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी अ‍ॅग्रिकोले, एलएमई-फोर आणि ईएम-मीन्स एवढेच वापरावे, आणि आलेखांसाठी जे मार्गदर्शक वापरत असतील तेच घ्यावे.

मराठीत नावे आणि शीर्षके लिहू इच्छिणाऱ्यांसाठी परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. विंडोजवर पूर्वी देवनागरी अक्षरांच्या जागी सांकेतिक कोड दिसत असत. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीपासून युनिकोडचा पूर्ण स्वीकार झाला आणि तक्त्यांतील देवनागरी नीट वाचता येऊ लागली. आलेखांत जोडाक्षरे तुटू नयेत म्हणून ‘रॅग’ हा संच वापरावा, आणि पीडीएफसाठी नेहमीची पद्धत सोडून ‘कैरो’ची पद्धत वापरावी. एवढे केले की ‘स्फुरद’ आणि ‘पुनरावृत्ती’ हे शब्द आलेखावर बहुधा अखंड उमटतात.

पर्याय चांगले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. सॅस ही प्रणाली मुळात १९६० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात कृषी आकडेवारीच्या विश्लेषणातून उभी राहिली, आणि जेनस्टॅट ज्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात घडली तिथेच संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून प्रसरण विश्लेषण आणि यादृच्छिक रचनेची पायाभरणी केली. जेनस्टॅटमध्ये गटरचना आणि ट्रीटमेंटरचना अशी दोन स्वतंत्र विधाने द्यावी लागतात, त्यामुळे वर सांगितलेली दोन त्रुटींची चूक तिथे होणे अवघड आहे. या एका बाबतीत मी तिला आरपेक्षा सरस मानतो. पण परवाना संपला की विद्यार्थ्याच्या हाती केवळ छापील निकाल उरतो. पदवी घेऊन बाहेर पडलेला संशोधक बियाण्यांच्या कंपनीत जावो, शेतकरी गटासोबत काम करो किंवा स्वतःच्या शेतावर चाचण्या घेवो, आरची फाईल त्याच्यासोबत जाते आणि उघडते.

ज्यांना अजून स्वतःची आकडेवारी मिळालेली नाही त्यांच्यासाठी केविन राइट यांचा ‘अ‍ॅग्रिडॅट’ हा संच मी मनापासून सुचवतो. कृषी प्रयोगांच्या शेकडो प्रसिद्ध आकडेवाऱ्या त्यात त्यांच्या मूळ संदर्भासह आणि शक्य तिथे वाफ्यांच्या स्थानासह जपलेल्या आहेत. त्यातील अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याची बार्लीची आकडेवारी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला देतो. इमर आणि सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. तिच्या सर्वज्ञात रूपात दहा वाण, सहा ठिकाणे आणि १९३१ व १९३२ ही दोन वर्षे आहेत. पाच ठिकाणी १९३१ चे उत्पादन जास्त आहे, मॉरिस या एकाच ठिकाणी ते उलटे आहे. जवळपास साठ वर्षे ही आकडेवारी पुन्हा पुन्हा वापरली गेली. मग १९९३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलंड यांनी ती साध्या ठिपक्यांच्या आलेखांत मांडली आणि मॉरिसची दोन वर्षे नोंदवताना अदलाबदल झाली असावी असा निष्कर्ष काढला. तो इतका पटण्यासारखा होता की पाठ्यपुस्तकांतील चूक म्हणून तो शिकवला जाऊ लागला. २०१३ मध्ये राइट यांनी जुन्या नोंदी शोधून, त्या ठिकाणांची आणखी वर्षांची आकडेवारी जमवून दाखवले की असा उलटा कल स्थानिक हवामान आणि इतर नैसर्गिक कारणांनीही येऊ शकतो, आणि मॉरिसचे आकडे बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे.

विद्यार्थ्याने हे १२० आकडे आधी स्वतः आलेखात मांडावेत, मॉरिसचा उलटा कल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, आणि तो बदलायचा की ठेवायचा याचे कारण फाईलमध्ये लिहावे, असे मी सांगतो. ते कारण लिहून झाले की आम्ही त्याची स्वतःची क्षेत्रवही उघडतो.